दुकान वाढवतात तसं स्वयंपाकघर वाढवा

पत्र :

काकू, मी सांगलीत गावभागात राहते. घर जुनं, आम्ही खालच्या मजल्यावर. घरात पाच माणसं : मी, मिस्टर, सासूबाई, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. मी विश्रामबागेत एका ऑफिसात नोकरी करते, मिस्टर कुपवाडला कारखान्यात आहेत. संध्याकाळी साडेसहाला घरी येते आणि दारातून ओटा दिसला की पोटात गोळा येतो. सकाळची कढई, चहाची पातेली, पिठाने भरलेली परात, डब्यांची झाकणं, सगळं तसंच. दर रविवारी चार-चार तास घासूनपुसून काढते. मंगळवारपर्यंत पुन्हा तेच. २०१९ च्या पुरात आमच्या स्वयंपाकघरात छातीपर्यंत पाणी होतं. तेव्हापासून ओट्याखालच्या कप्प्यांत काही ठेवायला मन धजत नाही, म्हणून डबे, मिक्सर, कुकर ओट्यावर आणि जेवणाच्या टेबलावरच असतात. झुरळंही झाली आहेत. मोबाईलवर बघून सोडा आणि व्हिनेगर लावलं, तर काळ्या ओट्यावर पांढुरके डाग पडले. सासूबाई मला कधी बोलत नाहीत. पण मी ऑफिसला गेले की गुडघे दुखत असताना मोरीत बसून भांडी घासतात, याचंच जास्त वाईट वाटतं. मी आळशी आहे का? रोज थोडक्यात आवरायची काही रीत आहे का?

– एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन ओळी मी परत परत वाचल्या. पोटात गोळा येतो ती एक, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची दुसरी. नोकरी करून, सकाळी सगळ्यांचे डबे भरून, वर रविवारचे चार तास ओट्याशी घालवणाऱ्या बाईला आळशी कोण म्हणेल? तो शब्द आधी मनातून काढा. कष्टांत तुम्ही कुठे कमी पडलेल्या नाही. तुमच्या स्वयंपाकघरात कमी आहे ती जागा, आणि ती पुराने नेली आहे. म्हणून रोजची रीत सांगण्याआधी मला पुराचंच बोलावं लागेल.

त्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर मी गावभागातच माझ्या मावसबहिणीकडे चिखल काढायला गेले होते. स्वयंपाकघरात घोटाभर गाळ आणि कुजलेल्या धान्याचा वास. ओट्याखालची प्लायवूडची दारं फुगून बिजागऱ्यांतून निखळली होती. गहू, ज्वारी, कडधान्यं, उन्हाळ्यात केलेले पापड, कुरडया, वर्षाची चटणी, सगळं पाट्या भरभरून बाहेर टाकलं. मिक्सर गेला, फ्रिज गेला. पण स्टीलची पातेली, ताटं, पितळी डबे, परात, कुकर अंगणात काढून आम्ही साबणाने घासले, उकळत्या पाण्याने विसळले आणि उन्हात उपडे घातले. ते आजही तिच्या रोजच्या वापरात आहेत. कुकरची रबरी रिंग तेवढी नवी आणावी लागली. कप्प्यांच्या कडप्प्याच्या फळ्या खराट्याने घासल्यावर पहिल्यासारख्या झाल्या.

त्या आठवड्यात जे डोळ्यांनी पाहिलं, त्यावरून तुम्हाला सांगते. पाणी धान्य नेतं, वीज नेतं, लाकूड नेतं. धातू आणि दगड त्याला जात नाहीत. तुम्ही मात्र भीतीपोटी सगळंच वर आणून ठेवलंत. भीती खरी आहे, ज्यांच्या घरात पाणी आलं नाही त्यांना ती कळायची नाही. पण तिच्यामुळे पाच माणसांचा संसार अडीच हातांच्या ओट्यावर येऊन बसला आहे. त्यावर रोज स्वयंपाक करायचा म्हणजे रोज आधी पंधरा वस्तू सरकवायच्या, आणि सरकवलेली वस्तू पुसून होत नाही.

तर विभागणी अशी करा. ज्याचं पाण्याने काही बिघडत नाही ते खाली : मोठी पातेली, कढया, कुकर, परात, ताटांची चळत, पाहुण्यांसाठीची जादा भांडी, पितळेचं सामान. ज्याचं बिघडतं ते वर : धान्य, पिठं, मसाले, मिक्सर, कागदपत्रं. खालचे कप्पे कडप्प्याचे असतील तर फारच उत्तम. प्लायवूडची दारं पुन्हा बसवू नका, साधा पडदा लावला तरी चालतो आणि हवाही खेळते. खालची भांडी कप्प्यात मोकळी न लावता प्लास्टिकच्या दोन-तीन क्रेटमध्ये ठेवा, भाजी मंडईत असतात तसल्या. झाडताना क्रेट बाहेर ओढता येते. आणि वेळ आलीच तर मुलगा आणि त्याचे बाबा पाच मिनिटांत त्या माळ्यावर चढवू शकतात.

आपली कृष्णा फुटाफुटाने चढते. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे तुम्हाला मी सांगायला नको, गावभागातल्या शाळकरी पोरांनाही ते पाठ असतं. पाणी चाळिशीकडे सरकायला लागलं की सगळी गल्ली सामान उचलते, तेव्हा तुमच्या दोन क्रेटही उचलल्या जातील. मन तरीही घाबरत असेल तर मृगापासून दसऱ्यापर्यंत तिथे फक्त स्टील ठेवा. उरलेले आठ महिने तरी ती जागा तुमची असू द्या. एक पथ्य मात्र बारमाही पाळा. सिलिंडर खाली असतो, त्याच्याभोवती काही कोंबू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. तिथली हवा मोकळी राहिली पाहिजे.

आता ओट्यावर काय उरेल ते बघा. शेगडी, मिसळणाचा डबा, मीठ, तेलाची बरणी, चहा-साखरेचे दोन डबे. रोज वाटण लागत असेल तर भिंतीकडच्या कोपऱ्यात मिक्सर. बास. वर्षाच्या चटणीची मोठी बरणी शेगडीजवळ दिसली तर ती आजच उचला. उजेडाने आणि उष्णतेने तिचा लाल रंग उतरतो, वासही जातो. पंधरा दिवसांपुरती लहान बरणी बाहेर, मोठी अंधाऱ्या फडताळात. तेलकट, कधीतरीच लागणाऱ्या बाटल्यांनाही शेगडीशेजारी जागा देऊ नका. फोडणीचा धूर त्यांच्यावर बसतो, त्यावर धूळ, आणि मग एकेक बाटली पुसत बसायची तुमची रविवारची सकाळ.

एवढी जागा झाली की मग रोजची रीत.

गणपती पेठेतले व्यापारी संध्याकाळी दुकान ‘बंद केलं’ म्हणत नाहीत, ‘वाढवलं’ म्हणतात. दुकान वाढवताना ते काय करतात ते कधी थांबून बघा. बाहेर मांडलेला माल आत जातो, तराजू पुसला जातो, सांडलेलं झाडून घेतात, गल्ला मोजतात, देवाला हात जोडतात आणि शटर ओढतात. व्यापारी रोज रात्री सगळी फडताळं रिकामी करून पुसत नाही. सकाळी शटर वर केल्या केल्या पहिलं गिऱ्हाईक घेता यावं, एवढंच तो करून ठेवतो. तुम्हीही रोज एवढंच करायचं. सकाळचा पहिला चहा ठेवताना एकही वस्तू सरकवावी लागू नये. तुमच्या ओट्याला हीच परीक्षा लावा. कपाट आतून नीट आहे का, डब्यांना चिठ्ठ्या आहेत का, हे प्रश्न रात्री साडेनऊला मनात आणायचेच नाहीत.

याला वीस मिनिटं लागतात. पहिला आठवडा अर्धा तास लागेल. जेवणं झाल्यावर कोणी टीव्हीपुढे किंवा मोबाईलवर बसण्याआधीच ही वीस मिनिटं घ्यायची. एकदा अंग टेकलं की उठवत नाही, हा माझाही अनुभव आहे आणि तुमचाही असणार.

सुरुवात भांड्यांपासून करू नका, अन्नापासून करा. उरलेली आमटी, भाजी लहान डब्यांत काढून फ्रिजमध्ये. म्हणजे मोठी पातेली लगेच मोकळी होतात आणि ओटा अर्धा रिकामा दिसायला लागतो. यात सगळ्यात जास्त काळजी भाताची घ्या. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष सकाळी भात फोडणीला टाकला तरी जात नाही. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात, आणि सांगलीचा चैत्र-वैशाख म्हणजे रात्री नऊलासुद्धा तेवढा उकाडा. भात पातेल्यात तसाच ठेवला तर मध्यभागी गरम राहतो. ताटात पसरा, दहा-पंधरा मिनिटांत निवतो, मग डब्यात भरा. तुमच्या घरी शिळ्या भाताला सकाळी फोडणी देत असाल तर तो भात फ्रिजमधलाच असू द्या. रात्रभर ओट्यावर राहिलेला नको, विशेषतः सासूबाईंच्या आणि मुलांच्या ताटात.

मग खरकटं. ज्याने त्याने आपलं ताट उचलायचं, उरलंसुरलं ओल्या कचऱ्याच्या डब्यात निपटायचं, ताट एकदा पाण्याखाली धरायचं आणि एकावर एक लावून ठेवायचं. नववीतल्या मुलाला हे सांगताना संकोच करू नका. तेलकट कढई ताटांच्या चळतीत घालायची नाही, तिचं तेल बाकी सगळ्यांना लागतं आणि काम दुप्पट होतं. कढई आणि तवा शेवटी.

त्यानंतर शेगडी आणि ओटा, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. तुमच्या घरी भाकरी होत असणार. ओट्यावर सांडलेलं पीठ आधी कोरडंच झाडून घ्या, हाताने किंवा लहान कुंच्याने. पिठावर ओलं फडकं फिरवलं की त्याची खळ होते, ती दगडाच्या बारीक भेगांत बसते आणि वाळल्यावर सुरीने खरवडावी लागते. पीठ झाडलं की मग साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, आणि मग कोरडं. शेगडी कोमट असतानाच पुसायची. गरम असताना हात भाजेल आणि पार गार झाली की तेल चिकटून बसतं. आठवड्यातून एकदा बर्नरच्या टोप्या काढून भोकं बारीक तारेने मोकळी करा. ज्योत निळी न राहता पिवळी व्हायला लागली आणि भांड्यांची बुडं काळी होऊ लागली, की भोकं तुंबली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्या काळ्या बुडांवर तुमचा किती वेळ जातो याचा विचार करा, आणि मग तार हातात घेणं जड जाणार नाही.

सिंक सगळ्यात शेवटी. जाळीतलं खरकटं काढायचं, सिंक घासायचं आणि कोरडं पुसायचं. हे ‘कोरडं’ मी का म्हणते, ते झुरळांच्या वेळी सांगते. मग ज्या फडक्याने ओटा पुसला ते साबणाने धुऊन, पिळून, दोरीवर पसरून टाकायचं. चुरगळून सिंकच्या काठावर ठेवलेलं ओलं फडकं सकाळी आंबूस वास मारतं, आणि त्याच फडक्याने आपण स्वच्छ ओटा पुन्हा पुसतो. दोन फडकी ठेवा, एक दोरीवर, एक हातात. शेवटी रेग्युलेटरचा खटका बंद करायचा. एवढं केलं की दिवा मालवा. तुमचं दुकान वाढवून झालं.

सकाळी मात्र आवरायचा हट्ट धरू नका. सकाळी तुम्हाला फक्त पाच मिनिटं आहेत आणि ती भिजवण्यासाठी आहेत. संध्याकाळी तुमच्या पोटात गोळा आणतात ती वाळलेली भांडी. दुधाचं पातेलं आणि कणकेची परात गार पाण्यात भिजवा, गरम पाणी ओतू नका. गरम पाण्याने दुधातली आणि पिठातली चिकट द्रव्यं शिजल्यासारखी होऊन आणखी घट्ट धरतात. तेलकट कढईत उलट गरम पाणी आणि साबणाचा थेंब. चहाचं गाळणं तिथल्या तिथे पाण्याखाली झटकून टाका, चहाचा चोथा वाळला की जाळी तुंबते. संध्याकाळी तुम्ही आलात की भांडी भिजलेली असतील, नुसता हात फिरवला तरी निघतील. ओट्यावर मात्र काही ठेवून जायचं नाही, सगळं सिंकमध्ये किंवा मोरीतल्या घमेल्यात. दारातून ओटा रिकामा दिसू दे. माझ्या अनुभवाने सांगते, थकून आलेल्या माणसाला एवढ्यानेसुद्धा धीर येतो.

आता डागांचं. जुन्या घरातला काळा ओटा बहुतेक कडप्प्याचा असतो, तुमचाही असावा. कडप्पा म्हणजे चुनखडीच्या जातीचा दगड. त्याला लिंबू, चिंच, व्हिनेगर असं आंबट काही लागलं की वरचा थर झिजतो आणि तिथली चकाकी जाते. तुम्हाला जे पांढुरकं दिसतंय ते चिकटलेलं काही नाही, म्हणून कितीही घासलंत तरी जाणार नाही. ओटा धुऊन पूर्ण वाळू द्या आणि त्या जागी खोबरेल तेलाचा बोट फिरवून फडक्याने पुसून घ्या. डाग बराच झाकला जाईल, पण मधूनमधून पुन्हा लावावं लागेल. यापुढे कडप्प्याला साधं साबणाचं पाणी पुरे. देवाची पितळी भांडी चिंचेने घासता ना? ती ओट्यावर घासू नका, सिंकमध्ये घासा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा जो प्रकार तुम्ही पाहिलात, त्याबद्दलही स्पष्ट सांगते. फसफस छान होते, पण एक अल्क आणि एक आम्ल, दोघं एकमेकांना मारून टाकतात. मागे उरतं ते साधारण खारट पाणी. हे दोन पदार्थ वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत. खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून शेगडीच्या चिकट कडांना लावा, दहा मिनिटांनी पुसा. बोअरच्या पाण्याने नळावर आणि स्टीलच्या सिंकमध्ये पांढरे थर बसतात, त्यांना व्हिनेगर लावा, फक्त ते कडप्प्यावर ओघळू देऊ नका. आणि ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही, चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. पुरानंतर घर धुताना लोक हाताला येईल ते ओततात, म्हणून हे आवर्जून लिहिते आहे.

ओट्यावरच्या किंवा फडक्यावरच्या हळदीच्या डागाची मात्र धास्ती घेऊ नका. साबण लागल्यावर हळद लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलाच हा गुण. फडकं दोन दिवस कडक उन्हात टाका, रंग आपोआप उडतो. अख्ख्या हळदीच्या गावात राहून आपण हळदीच्या डागाला घाबरायचं नाही.

झुरळांबद्दल. ज्या लहान, तपकिरी झुरळांनी स्वयंपाकघरं भरतात, त्यांच्या मादीच्या अंड्यांच्या एका पिशवीत तीस-चाळीस पिल्लं असतात. म्हणून दिसलं त्याला चप्पल मारून ती संपत नाहीत. त्यांना अन्नाइतकंच, किंबहुना जास्त, पाणी लागतं. अन्नाशिवाय ती काही दिवस काढतात, पाण्याशिवाय त्यांचे हाल होतात. रात्री सिंक कोरडं पुसायला सांगितलं ते यासाठी. कोरडं सिंक, झाकलेला कचऱ्याचा डबा, ओट्यावर कण नाही, अशी दोन-तीन आठवडे उपासमार झाली की मग औषध लागू पडतं. बाजारात झुरळांसाठी जेलची ट्यूब मिळते. तिचे मुगाएवढे ठिपके बिजागऱ्यांच्या आत, सिलिंडरमागे, फ्रिजच्या मागच्या बाजूला लावा, मुलांच्या हाताला येणार नाहीत असे. ज्या भागात जेल लावलं तिथे वरून स्प्रे मारू नका, त्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. आणि किराणा आणलेले खोके स्वयंपाकघरात साठवू नका. पुठ्ठ्याच्या घड्यांत अंडी येतात, आणि ओलाव्यात तो पुठ्ठा त्यांचं घरच होतो.

आणि आता सासूबाई. तुम्हाला वाईट वाटतं ते बरोबर आहे, पण एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. त्या तुमच्यावर राग म्हणून भांडी घासत असतील असं मला वाटत नाही. आयुष्यभर ज्या घराला हात लावला, त्या घरात दिवसभर नुसतं बसून राहणं जड जातं. तेव्हा ‘तुम्ही काही करू नका, आई’ असं म्हणू नका, ते लागतं. काम बदलून द्या. मोरीत बसून घासायचं काम त्यांच्याकडून काढा, आणि बसल्या बसल्या होणारं काम त्यांच्याकडे सोपवा. भाजी निवडणं, लसूण सोलणं, निथळलेल्या वाट्या-पेले पुसून लावणं. भांडी लावायची जागा त्यांच्या कमरेच्या उंचीवर करा, खाली वाकायला नको आणि वर हात ताणायला नको. उभ्याने घासायचं सिंक असेल तर रात्रीची भांडी तिथे, आणि ती घासायची तुमच्या मिस्टरांनी. मी हे संकोच न करता लिहिते. कुपवाडला आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला दम लागला असणार, हे मान्य. पण तुम्हीही आठ तास ऑफिसात आणि त्याआधी दोन तास शेगडीपुढे काढलेले असतात. पाच माणसांची भांडी घासायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात तुम्ही अन्न काढाल, ओटा पुसाल, मुलगी टेबल पुसून पाण्याच्या बाटल्या भरेल, मुलगा कचरा बाहेर नेईल. दोघांचे हात एकाच वेळी चालले की वीस मिनिटांचा हिशेब बसतो. एकटीने करायचं असेल तर ते पाऊण तासाचं काम आहे आणि महिन्याभरात सुटेल, हेही मी आत्ताच सांगून ठेवते.

मुलांना काम सांगताना रोज वेगळं सांगू नका. महिनाभर एकच. मुलीला बाटल्या म्हणजे बाटल्याच. काम अंगवळणी पडलं की आठवण करावी लागत नाही, आणि आठवण करून द्यावी लागणं हेच आपल्याला जास्त थकवतं.

सगळ्याच रात्री हे जमणार नाही. कोणाला ताप असेल, पाहुणे उशिरा जातील, गौरी-गणपतीत तर घड्याळच नसतं. अशा रात्री फक्त तीन गोष्टी करून झोपा : अन्न झाकून फ्रिजमध्ये, खरकटं सिंकमधून बाहेर, गॅसचा खटका बंद. भांडी पाण्यात भिजू द्या. सकाळी कुणी पाहिलंच, तर पाहू द्या.

या रविवारी घासू नका. त्याऐवजी सासूबाईंना स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसवा आणि सगळे मिळून ओट्याखालचे कप्पे उघडा. कोणतं भांडं खाली, कोणतं वर, हे त्यांना विचारत विचारत लावा. पुराच्या आधी तिथे काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला आठवणार नाही. कदाचित बोलता बोलता त्या पुराचंही बोलतील, बोलू द्या. दुपारपर्यंत ओटा मोकळा होईल. सोमवारी रात्री साडेनऊला पहिल्यांदा दुकान वाढवा, आणि मंगळवारी सकाळी चहाचं आधण ठेवताना किती वस्तू सरकवाव्या लागल्या ते मला कळवा.